चार जीबीवर भुलू नका: भोपाळला शिकायला जाणाऱ्या पोरांसाठी स्वस्तातलं ग्राफिक कार्ड



पोस्ट जरा लांबलचक आहे. पण ज्यांच्या घरातलं पोर यंदा आर्किटेक्चरला नाहीतर इंजिनीअरिंगला लागणार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी आणि पोरालाही वाचायला द्यावी. बाकीच्यांनी शेजाऱ्याला पाठवली तरी चालेल.

आपल्याकडची मुलं आता भोपाळपर्यंत जायला लागली आहेत. तिथं मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, जिला सगळे मॅनिट म्हणतात. आणि २००८ साली सुरू झालेली केंद्र सरकारची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, म्हणजे एसपीए, तीही तिथंच. दोन्हीकडे बी.आर्क. होतं. रत्नागिरीला मंगला एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता भोपाळ, त्यामुळे आईबाप पण तयार होतात. अडचण वेगळीच आहे. प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैत चालतात आणि आपली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे ज्या दोन महिन्यांत दर्यातून रुपया येत नाही, त्याच दोन महिन्यांत फी, हॉस्टेल, गादी-बादली आणि वर पोराचा फोन: "कॉम्प्युटर लागेल, त्यात ग्राफिक कार्ड पायजे."

मागच्या हंगामात असाच एक फोटो आमच्या ग्रुपवर आला. सभासदाचा मुलगा भोपाळच्या एमपी नगरात कॉम्प्युटरच्या दुकानात उभा होता आणि दुकानदारानं त्याच्यापुढे दोन खोकी ठेवली होती. एकावर ठळक अक्षरात ४ जीबी. दुसऱ्यावर २ जीबी, आणि ते थोडं महाग. मुलाचा प्रश्न सरळ होता, "काका, चारवालं स्वस्त आहे, तेच घेऊ ना?" त्याचे वडील पण ग्रुपवर होते, ते म्हणाले घे. कुणीही तेच म्हणालं असतं. आम्ही म्हटलं, थांब, दोन्ही खोक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव.

चार जीबीवालं निघालं जीटी ७३०. दोन जीबीवालं जीटी १०३०. आणि दोघांत दोन जीबीवालं कितीतरी पुढचं होतं. ते का, ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथं आहे.

ग्राफिक कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं वेगळं यंत्र. त्याचा स्वतःचा प्रोसेसर असतो आणि स्वतःची मेमरी. खोक्यावर जो जीबीचा आकडा असतो तो त्या मेमरीचा, म्हणजे आपल्या भाषेत बोटीच्या खणाचा. खण मोठा, मासळी भरपूर मावते, कबूल. पण जेटीवर माल उतरवायला एकच फळी असेल आणि एकच माणूस पाटी घेऊन ये-जा करत असेल, तर मोठ्या खणाचा उपयोग काय? लिलाव सुटून जाईल. कार्डातही तसंच. मेमरीतून प्रोसेसरकडे सेकंदाला किती जीबी माल जातो, तो आकडा महत्त्वाचा. त्याला बँडविड्थ म्हणतात. हा आकडा खोक्यावर सहसा छापत नाहीत.

हिशोब अवघड नाही. मेमरीची रुंदी बिटमध्ये असते, ६४ किंवा १२८. तिला ८ नं भागायचं आणि मेमरीच्या वेगानं गुणायचं. जीटी ७३० चं जे डीडीआर३ मेमरीचं, ६४ बिटचं कार्ड आहे, त्याचा वेग १.८. म्हणजे ८ गुणिले १.८, सेकंदाला १४.४ जीबी. जीटी १०३० ला मेमरी जीडीडीआर५ असेल तर वेग ६, म्हणजे ४८ जीबी. तिपटीहून जास्त. खण निम्मा, पण पाट्या तिप्पट.

आता कुणी म्हणेल, आमच्या पोराला घरांचे नकाशे काढायचे आहेत, त्याला एवढं कशाला? तर ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीनं स्वतःच हा आकडा दिलेला आहे. ऑटोकॅडसाठी कमीत कमी सेकंदाला २९ जीबी बँडविड्थचं कार्ड, आणि नीट चालायला १०६ जीबीचं. कंपन्या सहसा नुसतं "चांगलं कार्ड घ्या" म्हणून मोकळ्या होतात, यांनी आकडा सांगितला हे आम्हाला आवडलं. २९ आणि १०६. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक कार्ड त्यावर घासून बघा.

जीटी ७१० पासून सुरू करू, कारण दुकानात सगळ्यात स्वस्त तेच सापडतं. २०१६ चं कार्ड, १९२ कोअर, वीज अवघी १९ वॅट. डीडीआर३ असेल तर १४.४ जीबी. म्हणजे २९ च्या निम्म्यावर. ज्या कॉम्प्युटरला पडदा जोडायची सोयच नाही, त्याला पडदा जोडण्यापुरतं हे कार्ड. सोसायटीच्या ऑफिसात टॅलीला ठीक. आर्किटेक्चरच्या पोराला देऊ नका.

जीटी ७३० हे त्याहून फसवं आहे, कारण एका नावाखाली तीन वेगळी कार्डं आहेत. २०१४ साली आलं तेव्हाच तीन प्रकारांत आलं. एक ९६ कोअरचं, जुन्या फर्मी पिढीचं, १२८ बिट डीडीआर३, बँडविड्थ २८.८. दुसरं ३८४ कोअरचं, ६४ बिट डीडीआर३, १४.४. तिसरं ३८४ कोअरचंच पण जीडीडीआर५ मेमरीचं, साधारण ४०. खोकं तिघांचं सारखंच दिसतं. एकच नाव, पण एक बांगडा, एक तारली आणि एक कालचा शिळा माल. शिवाय ४ जीबीचं जे सरसकट विकलं जातं ते बहुतेक डीडीआर३ च असतं, कारण स्वस्त मेमरी जास्त भरता येते आणि गिऱ्हाईक आकडा बघून खूश होतं.

आणखी एक गोष्ट. ७१० आणि ७३० ची केप्लर पिढी एनव्हिडियानं सोडून दिली आहे. नव्या सोयींचे ड्रायव्हर २०२१ च्या ऑक्टोबरात थांबले आणि सुरक्षेची दुरुस्ती सप्टेंबर २०२४ पर्यंतच होती. पाच वर्षांच्या शिक्षणासाठी आधीच मुदत संपलेली वस्तू नव्या खोक्यात घ्यायची, ह्याला काय अर्थ?

जीटी १०३० बरं, पण तिथं पण गोम आहे. २०१७ ला आलं ते जीडीडीआर५ चं, ४८ जीबीवालं, ३० वॅट. पुढच्या वर्षी कंपनीनं त्याच नावानं डीडीआर४ चं काढलं आणि बँडविड्थ एकदम १६.८ वर आली. नाव तेच! त्यामुळे १०३० घेताना मेमरीचा प्रकार वाचल्याशिवाय पैसे काढू नका. आमच्या भोपाळच्या मुलासमोर होतं ते जीडीडीआर५ चं होतं, म्हणजे २९ च्या वर, १०६ च्या बरंच खाली. साध्या ड्रॉइंगला पुरेल. पण ह्या कार्डात व्हिडिओ रेकॉर्ड करायचा एन्कोडर नाही, म्हणजे प्रेझेंटेशन पडद्यावरून रेकॉर्ड करताना सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो.

तिथून एक पायरी वर गेलं की १०६ ओलांडता येतो. एएमडीचं आरएक्स ५५०, २०१७ चं, ५१२ कोअर, ५० वॅट. १२८ बिटचं असेल तर ११२ जीबी. ह्याचे ६४ बिटचे अवतार पण बाजारात आहेत, ते निम्म्यावर येतात, तेव्हा पुन्हा वाचून घ्या. त्याच आकड्याचं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ चं, ७६८ कोअर, ४ जीबी, ११२ जीबी बँडविड्थ. ते ५५० पेक्षा चांगलंच जोरकस आहे. ब्लेंडरमध्ये कार्डावर रेंडर करायचं असेल तर ५५० आता कामाचं नाही, ब्लेंडरच्या ३.० आवृत्तीपासून ती पिढी सुटली. १०५० टीआयची पास्कल पिढी पण आता उतरणीला लागली आहे. एनव्हिडियानं २०२५ मध्ये जाहीर केलं की त्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेची दुरुस्ती, ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत. यंदा बी.आर्क.ला लागलेलं पोर २०२८ मध्ये अजून शिकतच असेल.

म्हणून सेकंड हँड घ्यायचं तर आमची पसंती जीटीएक्स १६५० ला. २०१९ ला आलं, ८९६ कोअर, ४ जीबी. जीडीडीआर५ चं १२८ जीबी बँडविड्थ, नंतरचं जीडीडीआर६ चं १९२. दोन्ही १०६ च्या वर, इथं फसायचं कारण नाही. पिढी नंतरची, त्यामुळे ड्रायव्हर अजून मिळतात. ७५ वॅटचं कार्ड, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेतून मिळणारी वीज पुरते. काही कंपन्यांच्या १६५० ला मात्र वेगळी वायर जोडायला लागते. तशी असेल तर आपल्या पॉवर सप्लायला ती वायर आहे का बघून घ्या.

कोरं करकरीत घ्यायचं तर तीन नावं ऐकायला मिळतील. आरएक्स ६४००, २०२२ चं, ५३ वॅट, १२८ जीबी. कागदावर छान. पण ते खाचेतल्या फक्त चार लेनवर चालतं. नव्या मदरबोर्डवर (पीसीआय एक्सप्रेस ४) काही वाटत नाही, जुन्यावर लावलं की दम लागतो. ह्यातही एन्कोडर नाही. इंटेलचं आर्क ए३८०, ६ जीबी, १८६ जीबी बँडविड्थ, आकडे बघून तोंडाला पाणी सुटेल. पण त्याला मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार नावाची सोय लागते. ती नसेल तर कार्ड रडत चालतं. जुन्या ऑफिसातून निघालेल्या कॉम्प्युटरला ते लावू नका. आणि तिसरं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड, फेब्रुवारी २०२४ चं, ७० वॅट, १६८ जीबी. लहान कार्डांत हे सगळ्यात बिनघोर. किंमत पण तशीच. ह्याचंच ८ जीबीचं भावंड वेगळं आहे, त्याचे कोअर जास्त आणि त्याला १३० वॅट लागतात, तेव्हा ६ आणि ८ मध्ये फरक नुसत्या दोन जीबीचा आहे असं धरू नका. भाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. पापलेटचा भाव जसा सकाळी एक आणि दुपारी एक, तसंच आहे हे. दोन दुकानं आणि एक ऑनलाइन, तिन्हीकडे त्याच दिवशी विचारा.

आता आमचं खरं मत. पहिल्या वर्षाला कार्ड घेऊच नका.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी बरंचसं काम हातानं, ड्रॉइंग बोर्डावर असतं. वरच्या वर्गातल्या पोरांना विचारून खात्री करून घ्या. तोवर प्रोसेसरच्या आतच असलेल्या ग्राफिकवर काम भागतं. रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर घेतला तर त्यात वेगा ग्राफिक आहे, वेगळं कार्ड लागत नाही. पण इथं पण पाट्यांचा हिशोब सुटत नाही बरं का. आतल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते कॉम्प्युटरच्या रॅममधून उसनी घेतं. ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी देते. म्हणजे २९ च्या खाली! त्याच रॅमच्या दोन कांड्या, दोन वेगळ्या चॅनेलात लावल्या की ५१.२. हिशोब ढोबळ आहे, कारण त्यातलंच मुख्य प्रोसेसरला पण लागतं. तरी दुकानदार १६ जीबीची एक कांडी देत असेल तर ८-८ च्या दोन मागा. एकूण जीबी तेवढेच आणि ग्राफिक जवळपास दुप्पट मोकळं. आमच्या मते अख्ख्या पोस्टमध्ये सगळ्यात स्वस्तात मिळणारा फायदा हाच. दुकानदार "बाद में एक और लगा लेना" म्हणेल. ऐकू नका.

नावातली अक्षरं पण वाचा. रायझन ५ ५५०० मध्ये ग्राफिक नाही, ५६००जी मध्ये आहे. इंटेलच्या आय३ १२१०० मध्ये आहे, १२१००एफ मध्ये नाही. शेवटी एफ असलं की पडद्याला काहीच मिळणार नाही, कार्ड घ्यावंच लागणार. "एफवाला सस्ता है" म्हणून घेतला आणि मग जीटी ७१० गळ्यात पडलं, असं पुष्कळांचं होतं.

एमपी नगरातल्या त्या मुलानं शेवटी दोन्ही खोकी परत दिली. ५६००जी, दोन कांड्या रॅम, एसएसडी आणि बरा पॉवर सप्लाय घेतला. कार्डाचे पैसे घरीच राहिले. नारळी पौर्णिमेनंतर बोट सुरू झाली तेव्हा त्याच्या बापाला ते डिझेलला उपयोगी पडले. तिसऱ्या वर्षी थ्रीडी आणि रेंडरिंग वाढलं की तेव्हाच्या भावानं कार्ड बसवायचं ठरलं आहे, खाच रिकामी ठेवलीय. एन्स्केप, लुमियनसारखी सॉफ्टवेअर वापरायची वेळ आली तर मात्र वर सांगितलेली लहान कार्डं बहुतेक अपुरी पडतील. तेव्हा आरटीएक्स ३०५० च्या वरच बघावं लागेल, नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये रेंडर करून आणायचं. ऑटोकॅडचं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका आणि चोरीचं पण टाकू नका, ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ते फुकट देते, दरवर्षी नूतनीकरण करून.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ह्या आभासी चलनाचं कार्डांवरचं खाणकाम बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. आरएक्स ५८० नावानं स्वस्त काही दिसलं तर २०४८एसपी असं लिहिलंय का बघा. ते खऱ्या ५८० हून खालचं आहे. ह्याहून वाईट म्हणजे सरळ नकली माल. जीटीएस ४५० सारख्या २०१० च्या कार्डावर खोटं नाव चढवून १०५० टीआय म्हणून विकतात. कॉम्प्युटर पण तेच नाव दाखवतो. एक खूण सांगतो. खऱ्या १०५० टीआयचा चिप जुन्या निळ्या व्हीजीए जोडणीला चित्र देतच नाही. कार्डावर निळं व्हीजीए तोंड दिसलं की संशय घ्या.

पक्की खात्री करायची तर जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवर घेऊन जा. दुकानातच कार्ड लावून चालवायला सांगा. २०१८ पासून ते बरीचशी नकली कार्डं ओळखून नावाआधी तसा शिक्का दाखवतं. त्याच खिडकीत मेमरीचा प्रकार, रुंदी आणि बँडविड्थ असे रकाने आहेत. आपल्याला हवा तो आकडा तिथं तयार मिळतो, गुणाकार पण नको. माशाचे कल्ले उघडून बघतो, तसंच हे. जो दुकानदार कल्ले बघू देत नाही त्याच्याकडून आपण मासळी घेतो का?

आपल्या किनाऱ्यावरच्या गावात वापरलेलं कार्ड घेत असाल तर जोडणीची तोंडं आणि सोनेरी दाते टॉर्च मारून बघा. खाऱ्या हवेनं तिथं हिरवट थर चढतो. भोपाळला खारं वारं नाही, पण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि धूळ असते, तिथल्या कार्डाचा पंखा फिरवून बघा, आवाज करतो का.

रिफर्बिश्ड ऑफिस कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी आधी डबा उघडून मोजमाप घ्यावं. बारीक डब्यात बुटकंच कार्ड बसतं, लो प्रोफाइल म्हणून मागायचं, आणि बुटकी पट्टी सोबत आहे का बघायचं. पॉवर सप्लायवर वॅट लिहिलेले असतात. फार लहान असेल तर ७५ वॅटचं कार्ड पण जड जाईल.

बिल पक्कं घ्या. त्यावर नुसतं "ग्राफिक कार्ड ४ जीबी" नको. कंपनी, पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्या नंबरावर चालते. पोर भोपाळला, तुम्ही इकडे, कार्ड बिघडलं तर तो नंबरच कामाला येणार.

आणि कार्ड बसवल्यावर पडद्याची वायर कार्डाच्या तोंडात लावा, मदरबोर्डच्या नाही. हसू नका. नवीन कार्ड चालतच नाही म्हणून आमच्याकडे आलेल्या दोन फोनांत कारण हेच निघालं होतं.

कुणाला दुकानातून खोक्याचा फोटो पाठवायचा असेल तर मागच्या बाजूचा पाठवा, पुढच्या बाजूवर नुसती चित्रं असतात. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर कुणी ना कुणी असतंच.